प्रश्न मुलीलाच विचारा

ओपीडीत आई आणि मुलगी आल्या की सगळं बोलणं आईशीच होतं. "हिला चक्कर येते का? जेवते का नीट? पाळी वेळेवर येते?" उत्तरं आई देते. जिच्या अंगाचा प्रश्न आहे ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसते. तासगाव भागात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक म्हणून काम करताना मला हे फार खटकतं.

पावसाळ्यात नववीतली एक मुलगी आली. हिमोग्लोबिन ९.२. या वयाच्या मुलींचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. लोहाच्या गोळ्या तिला आधीच दिलेल्या होत्या, आणि आईच्या मते ती रोज घेत होती. आईला बाहेर बसवून मी दार लोटलं. "घेतेस ना गं गोळ्या?" बराच वेळ ती गप्पच. मग म्हणाली, "मॅडम, शी काळी व्हायला लागली. मला वाटलं आतनं रक्तच जातंय. मग टाकून दिल्या सगळ्या."

लोहाच्या गोळीनं शी काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. गोळ्या हातात देताना एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईला सांगितलंही असेल.

मग आम्ही दोघी बसलो. गोळी जेवल्यावर घ्यायची, उपाशीपोटी मळमळतं. चहा आणि गोळी यांत तासभर तरी अंतर हवं, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू मात्र मदत करतात. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "आजी म्हणाली, कशाला खातीस गं त्या गोळ्या, तर काय सांगशील?" तिनं छान सांगितलं, पण चहाचं राहिलं. परत सांगितलं, परत विचारलं. मुलं मान डोलावतात, त्यावर मी विसंबत नाही.

२०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, १० ते १९ वयासाठी. आपल्याकडे त्यातूनच मैत्री क्लिनिक, म्हणजे या वयाच्या मुलामुलींसाठीचे सल्ला-तपासणीचे दवाखाने, चालतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलग्यांनाही असते, हे कित्येक पालकांना माहीतच नाही. मुलगे तर आमच्याकडे फारच कमी येतात. स्वप्नदोषानं अशक्तपणा येतो, असं भिंतीवरच्या जाहिरातीत वाचून घाबरलेला अकरावीतला मुलगा मित्राला सोबत घेऊन येतो आणि पहिली दहा मिनिटं स्वतःची तक्रार मित्राची म्हणून सांगतो. अशा वेळी खोलीचं दार बंद होणं फार मोलाचं असतं. दवाखान्याच्या फलकावर कितीही मजकूर लिहा, हा मुलगा त्याच्यापुढे थांबून वाचणार नाही.

आमच्या डॉक्टरांपुढे मी एक मागणी ठेवली होती: तपासणीतली पाच मिनिटं मुलाशी एकट्याशी बोला आणि औषध कसं घ्यायचं ते त्याच्याच तोंडून ऐका. गर्दीच्या ओपीडीत हे जमायचं नाही, असं ते आधी म्हणाले. आता निदान गोळ्यांचं पाकीट तरी ते आईच्या हातात न देता मुलीच्या हातात देतात, आणि "कधी घेणार?" हे तिलाच विचारतात.