सोलापुरात ट्राम कधी होती हो?

मी डॉक्युमेंट्री बनवतो असं सांगितलं की सोलापुरात अजूनपण पहिला प्रश्न येतो, म्हणजे नेमकं काय करता, आणि दुसरा, लग्नाचं शूटिंग पण घेता का. दुसऱ्याचं उत्तर हो. घेतो. घर त्याच्यावरच चालतं, इतिहास आणि विज्ञानाच्या फिल्मांवर फक्त मी चालतो असं बायको म्हणते.

सुरुवात पण लग्नानंच झाली. बारावीनंतर मामाच्या फोटो स्टुडिओत बसायला लागलो, खांद्यावर पॅनासॉनिकचा भला मोठा व्हीएचएस कॅमेरा, मागं एक पोरगं लाइट धरून, आणि अक्षता पडल्या की गुलाबाच्या पाकळीतून नवरानवरी बाहेर येणार असला इफेक्ट. तिथं एक गोष्ट शिकलो जी नंतर आयुष्यभर पुरली आणि नडली पण. नवरीची आई रडताना मिळाली नाही ना, तर तिचा सकाळचा डोळे पुसतानाचा शॉट (कांदा चिरत होती बिचारी) पाठवणीत टाकायचा. कुणाला कळत नाही. उलट सगळे म्हणायचे, काय पकडलंय बे!

मग पुण्याला एक छोटा कोर्स केला, तिथल्या ओळखीतून दोनतीन जणांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून राबलो. असिस्टंट म्हणजे ट्रायपॉड उचलणं, टेपवर नंबर टाकणं आणि रात्री हेडफोन लावून मुलाखती उतरवून काढणं. किती मिनिटं किती सेकंदाला माणूस काय बोलला, कुठं खोकला, सगळं वहीत. कंटाळवाणं काम, पण आज मला कुणी विचारलं की या धंद्यात शिरायचं कसं तर मी हेच सांगतो, वर्षभर दुसऱ्याच्या मुलाखती उतरवून काढ, कुठला प्रश्न विचारल्यावर माणूस गप्प होतो आणि कुठल्या प्रश्नावर सुटतो ते तिथं कळतं.

२००६ साली मला स्वतःचा पहिला अर्ध्या तासाचा एपिसोड मिळाला. कसा मिळाला ते थोडक्यात सांगतो, कारण लोकांना वाटतं तिथं टॅलेंट बघतात. आधी एक पानी कल्पना द्यायची, मग ट्रीटमेंट, म्हणजे पडद्यावर काय काय दिसणार ते, मग बजेट, मग तेच बजेट निम्मं करून परत द्यायचं. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरून स्टेशनवरच तोंड धुवायचं, अकरा वाजता ऑफिसात जायचं आणि चारला कळायचं की साहेब आज आलेच नाहीत. असं पाचवेळा झालं. चॅनलचं नाव सांगत नाही, पैसे सगळे मिळाले, उशिरा मिळाले, विषय संपला.

आणि अर्धा तास म्हणजे अर्धा तास नसतो. जाहिराती आणि पुढंमागं वजा केलं की बावीस मिनिटं.

विषय मीच दिला होता, सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे गावावर लागलेला लष्करी अंमल. इथं लहान मुलाला पण चार हुतात्म्यांचा चौक माहिती असतो, पण बाहेर कुणाला काही माहिती नाही याचा मला शाळेपासून राग. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गावात हरताळ, मोर्चे, ८ मे ला पोलिसांचा गोळीबार, चौकी जळाली, पोलीस मारले गेले, आणि पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल गावावर उरलाच नाही. १२ मे ला मार्शल लॉ लागला तो जूनच्या शेवटापर्यंत. गांधी टोपी घातली तरी गुन्हा. मग खटला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी. (अजून लोक मला सांगतात की फाशी सोलापुरातच झाली, चौकात. नाही. येरवडा.)

आता गोष्ट जबरदस्त आहे, पण टीव्हीला दाखवायचं काय? इतिहासाच्या फिल्मचं सगळं दुखणं हेच. मुंबईत फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारचं पुराभिलेखागार आहे, तिथं जाऊन गृहखात्याच्या जुन्या फायली काढल्या, तारा, अहवाल, पिवळे पडलेले कागद. वाचताना अंगावर काटा येतो, पण कॅमेऱ्यापुढं ठेवला की तो नुसता कागद दिसतो. फोटो मोजून सहासात. बावीस मिनिटांत सहासात फोटो किती वेळ झूम इन झूम आउट करणार? गिरणीचं शूटिंग करावं तर गिरण्या बंद. शेवटी पूर्व भागात एका ओळखीच्याच्या कारखान्यात पॉवरलूमचा आवाज रेकॉर्ड करून तोच १९३० च्या गिरणीला लावला. हे पण चूकच होतं, कळलं नंतर, ते गिरणीतल्या एका काकांनी सांगितलं, पण त्याच्यावर येतो.

एडिटिंग पुण्यात, भाड्याच्या मशीनवर, तासाचे पैसे. शेवटच्या रात्री ८ मे चा प्रसंग अजून रिकामा. माझ्याकडं निवेदन होतं, संगीत होतं, आणि चित्राच्या जागी काळा पडदा. एडिटर म्हणला, माझ्याकडं तीसच्या काळातलं सत्याग्रहाचं फुटेज आहे बघ, लाठीमार, गर्दी, टोप्या, एकदम कडक. बघितलं तर खरंच कडक. मुंबईचं आहे हे त्यानं सांगितलं होतं, लपवलं नाही त्यानं. पण पहाटेचे तीन वाजलेले, हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळची, त्याच्या आत टेप तयार पाहिजे, आणि मला ती कांदा चिरणारी नवरीची आई आठवली. टाक म्हणलं. अकरा सेकंद. वर निवेदन, "सोलापूरच्या रस्त्यांवर त्या दिवशी..."

एपिसोड लागला. घरचे, गल्लीतले, मामा, सगळे खूश. चॅनलवरून पण फोन आला की छान झालंय, दंगलीचा भाग विशेष.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओच्या लँडलाइनवर एक फोन.

"ते मार्शल लॉचं तुम्हीच केलंय का हो?"

हो म्हणलं, छाती फुगवूनच.

"बरं केलंय. एक विचारायचं होतं. सोलापुरात ट्राम कधी होती हो?"

मला कळेचना. म्हणलं कुठली ट्राम?

"लाठ्या मारतेत बघा, त्यांच्या मागनं जातीय की. मी गिरणीत छत्तीस वर्षं काढली, माझा बाप त्याच गिरणीत, मला काय ट्राम दिसली नाही बा गावात. का तेवढ्यापुरती आणली होती इंग्रजांनी?"

फोन ठेवून टेप लावली. डाव्या कोपऱ्यात, सेकंदभरसुद्धा नाही, ट्रामचा मागचा भाग निघून जातो. मी ते अकरा सेकंद शंभरवेळा बघितले असतील एडिटला, मला लाठ्याच दिसल्या. रुळ पण दिसतात खाली, नीट बघितलं तर.

दुसऱ्या दिवशी त्या फोनवाल्या काकांच्या घरी गेलो. पूर्व भागातलं घर, आत तेलुगू, माझ्याशी मराठी, नातवावर ओरडताना दोन्ही. वाटलं होतं झापतील. त्यांनी चहा दिला आणि त्यांच्या वडिलांचं सांगायला लागले, ८ मे ला वडील रस्त्यात होते म्हणे, विशीतले. मार्शल लॉ लागल्यावर घरात एक गांधी टोपी होती, ती आजीनं ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाला घातली, वर पीठ, आणि त्याच पिठाच्या भाकऱ्या महिनाभर थापल्या, डबा तळापर्यंत जायच्या आत दरवेळी वरून भरायचा. डबा अजून होता. पत्र्याचा, कडीचा, झाकणाला पोचा आलेला. काकांनी तो माळ्यावरून काढून माझ्यापुढं ठेवला आणि पंच्याच्या टोकानं पुसला.

मी तिथं डोक्याला हात लावून बसलो. दोन महिने मी मुंबईपुणे करत चित्र शोधत होतो आणि माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर हा डबा माळ्यावर पडलेला. मुलाखती मी कुणाच्या घेतल्या होत्या, तर दोन प्राध्यापक आणि एक नेते. निघताना काका म्हणले, आणि गिरणीचा तो आवाज पण आमचा नाही, तो पॉवरलूम आहे, पोरं फसतील, आम्ही नाही.

चॅनलला सांगितलं, चूक झाली, अकरा सेकंद बदलून देतो, माझ्या खर्चानं. तिकडनं उत्तर आलं की कुणाची तक्रार नाही, कशाला उकरता. एपिसोड नंतर दोनदा परत लागला, ट्रामसकट. माझी मी वेगळी कॉपी केली, त्यात ८ मे ला काळा पडदा आणि फक्त काकांचा आवाज, मग डबा. शाळांमध्ये तीच दाखवतो. अगदी शांत बसतात पोरं त्या जागेला, लाठीमाराच्या वेळी बसायची नाहीत.

तेव्हापासून एक वही केली, प्रत्येक शॉटपुढं कुठला, कधीचा, कुणी काढला. तीनपैकी एक रकाना रिकामा राहिला तर शॉट बाहेर. असिस्टंट पोरं माझ्या मागं तिला ट्रामवही म्हणतात हे मला माहिती आहे.

मला वाटलं आता सुटलो. इतिहासात होतं असं, विज्ञानात कुठं जुनी चित्रं शोधायचीत, समोर घडतंय ते दाखवायचं. घंटा. २०१८ आणि १९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएमचा (पावसापाण्याचा, हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) कृत्रिम पावसाचा प्रयोग सोलापूर भागात चालू होता. आमच्याकडं सह्याद्रीनं अडवलेला ढग येतो तो अर्धा रिकामा होऊन, काळाकुट्ट होऊन येतो आणि डोक्यावरून निघून जातो. नळाला चारपाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा विषय म्हणजे सांगायलाच नको. मी ठरवलं करायचंच. विमानतळ जवळ म्हणून ड्रोनचा विषय सोडून दिला आणि होटगी रोडच्या एका मित्राच्या गच्चीवर कॅमेरा लावून ढगांचे टाइमलॅप्स घ्यायला लागलो. पाच सेकंदाला एक फ्रेम, तासाभराच्या सातशेवीस फ्रेम, पडद्यावर जेमतेम एकोणतीस सेकंद. दोन पावसाळे त्या गच्चीवर मी आणि एक छत्री, छत्री कॅमेऱ्यावर.

रफ कट झाल्यावर या विषयातल्या एका मॅडमना दाखवला. त्यात मी केलं होतं असं, विमानाच्या पंखाजवळ फ्लेअर, म्हणजे ढगात कण सोडायची नळकांडी, पेटते, धूर निघतो, कट, ढग काळा होतो, कट, रस्त्यावर धो धो पाऊस, पोरं नाचतायत. प्रत्येक शॉट खरा, प्रत्येकाची वहीत नोंद, तारीखवार, सगळे सोलापूरचे. मी खुशीत होतो.

मॅडम म्हणाल्या, "हा पाऊस त्या ढगाचा आहे?"

म्हणलं नाही, तो दुसऱ्या दिवशीचा.

"आणि त्याच ढगाचा असता तरी? तो फ्लेअरशिवाय पडलाच नसता हे तुम्हाला कसं माहिती?"

मग त्यांनी समजावलं. विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण ढगाच्या तळाशी सोडतात, त्यांच्यावर पाणी जमून थेंब मोठे होतात, आपटतात, एकमेकांत मिसळतात, खाली पडायची शक्यता वाढते. पण एका ढगाकडं बघून काहीच सिद्ध होत नाही, कारण तो नाहीतरी बरसला असता की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून २७६ ढग निवडले, त्यातल्या काहींत कण सोडले, काहींत मुद्दाम नाही, कशात सोडायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर, आणि मग दोन्ही गटांचा पाऊस मोजला. निकाल २०२३ ला आला, सुमारे १८ टक्के जास्त. धो धो नाही. अठरा टक्के, आणि ते सुद्धा मुळात पावसाचा ढग असला तर. ढगच नसला तर विमान काय करणार?

म्हणजे मी परत तेच केलं होतं, फक्त या वेळी ट्राम नव्हती. दोन शॉट शेजारी ठेवले की बघणारा मधे आपोआप "म्हणून" हा शब्द घालतो. मी तो निवेदनात लिहिला नव्हता, तरी तो पडद्यावर होताच.

नाचणारी पोरं काढून टाकली. जीवावर आलं होतं, खरं सांगतो, त्यातलं एक पोरगं माझंच होतं. त्याच्या जागी मॅडमच्या सांगण्यावरून नाही, माझ्या डोक्यातनं, घरच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या, बायकोच्या हातानं एकेक काढली आणि गच्चीवरचे ढग दोन रांगांत मांडले, डावीकडं चिठ्ठीत "हो", उजवीकडं "नाही". खाली पट्टी, "हे ढग प्रयोगातले नाहीत, समजावण्यासाठी दाखवले आहेत". एक जण म्हणला पट्टीनं मजा जाते. जाऊ दे म्हणलं. चॅनलवाल्यांनी घेतली नाहीच ही फिल्म, पाऊस पडताना दिसत नाही म्हणून. शेवटी एका हॉलमध्ये दाखवली, पन्नाससाठ लोक, आणि नेटवर टाकली.

नेटवर टाकल्याच्या आठवड्यात मोबाईल वाजला. काका आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, ऐकायला कमी येतं, नातू फोन लावून देतो.

"बघितलं रे तुझं ढगाचं."

म्हणलं काका, या वेळी ढग सोलापूरचेच आहेत हां, होटगी रोडच्या गच्चीवरनं काढलेत, तारखा सांगू का?

"तारखा राहू दे. खाली कोपऱ्यात पाण्याची टाकी दिसतीय ती वळखली मी."