डेंग्यूत नुसत्या पेशी मोजत बसू नका

पावसाळा सरत आला की आमच्या लॅबच्या खिडकीत एकच प्रश्न, "पेशी किती आल्या?" मी लातुरात एका छोट्या लॅबमध्ये काम करतो. रिपोर्ट हातात पडला की नातेवाइकांचं बोट सरळ प्लेटलेटच्या ओळीवर जातं, आकडा लाखाच्या खाली दिसला की फोनाफोनी सुरू, कुणी पपईच्या पानाचा रस काढायलंय, कुणी शेळीचं दूध शोधायलंय, कुणी किवी आणायला पळतंय. काळजीपोटीच करतात सगळं. पण त्याच कागदावर हिमॅटोक्रिटची एक ओळ असते, काही ठिकाणी पीसीव्ही छापलेलं असतं, रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते ती सांगते, तिच्याकडं कुणी बघतच नाही आणि मला खरी भीती त्या ओळीची वाटते.

कारण डेंग्यूत माणूस बऱ्याचदा रक्त वाहून नाही, रक्तातलं पाणी गळून गंभीर होतो. बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, ते पाणी छातीत-पोटात उतरतं आणि मागं उरलेलं रक्त घट्ट होत जातं. एका कॉलेजच्या पोराचं हिमॅटोक्रिट ३९ होतं, दुसऱ्या दिवशी ४७ आलं, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढ, आणि घरचे म्हणायलेत पेशी सत्तर हजार हायेत की, ताप पण उतरला, कशाला अ‍ॅडमिट करायचं? त्याचा बीपी १००/८० होता. ऐकायला बरा वाटतो, पण वरच्या-खालच्या आकड्यात फक्त २० चं अंतर राहिलं म्हणजे शॉक, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होणं, दारात उभा असतो. डॉक्टरांनी हट्टानं ठेवून घेतलं म्हणून पोरगं वाचलं.

ताप उतरला की धोका टळला असं आपल्याकडं सगळेच धरून चालतात आणि डेंग्यू नेमका तिथंच दगा देतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात वाईट. पोटात सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून रक्त, लघवी कमी, हातपाय गार, माणूस बेचैन नाहीतर सुस्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

आणि काही पेशंटमध्ये तर हा आजार डेंग्यूसारखा दिसतच नाही. आमच्या वहिनीला उजव्या बरगडीखाली असं दुखायलं की सगळ्यांना वाटलं पित्ताचे खडे, सोनोग्राफीत खडा एक नाही पण पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली. सर्जननी बघून सांगितलं की हे डेंग्यूमुळं आहे, ऑपरेशन नको, आणि औषधपाण्यावरच सूज उतरली. डेंग्यू मेंदूत गेला तर झटके येतात, माणूस असंबद्ध बोलतो. हृदयाच्या स्नायूला सूज आली तर नाडी एकदम मंद होते किंवा ठोके चुकतात. लिव्हरचे आकडे हजाराच्या वर जातात, किडनी बसते, कुणाला स्वादुपिंडाला सूज, कुणाला बरं होताना एका डोळ्यानं मधोमध धूसर दिसतं.

यातला सगळ्यात फसवा प्रकार एचएलएच. शरीराची प्रतिकारशक्तीच बेभान होऊन आपल्याच रक्तपेशी खायला लागते. आठवडा उलटला तरी ताप हटत नाही, प्लीहा वाढलेली, सगळ्याच पेशी कमी कमी होत चालल्यात. अशा पेशंटचं फेरिटिन, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी, लावलं की मशीन दहा हजाराच्या वरचा आकडा दाखवतं आणि मी रिपोर्ट छापायच्या आधी डॉक्टरला फोन करतो. यात नुसत्या सलाईननं भागत नाही, स्टेरॉईडसारखी औषधं वेळेत सुरू करावी लागतात. सलाईनचं पण एक सांगतो, गळती थांबली की ते पाणी आपोआप रक्तात परत येतं, तेव्हा "अजून एक बाटली लावा" म्हणून डॉक्टरच्या मागं लागू नका, जास्तीचं पाणी फुप्फुसात जातं. आणि अंगदुखीसाठी मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे आमचं लातूर. नळ रोज येत नाही, मग घराघरात ड्रम, हौद, रांजण भरून ठेवलेले, लोकांनी करायचं तरी काय? पण झाकण नसलं की डासाला तेच पाणी लागतं. ड्रम रिकामा केला तरी आतली कड घासून काढा, अंडी कोरडी पडूनसुद्धा महिनोन्‌महिने जगतात.

ज्यांना एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्यांनी जास्त जपा. विषाणूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर आधीच्याच अँटिबॉडी त्याला पेशीत शिरायला मदत करतात आणि आजार गंभीर व्हायची शक्यता वाढते. म्हणून जुना रिपोर्ट फेकू नका, पुन्हा ताप आला की पहिल्याच दिवशी तो डॉक्टरसमोर ठेवा.