फाईल येते, पण रिकामी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ऑफिसातल्या ज्युनिअर मुलांनी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की ऐरोली स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या रांगेतही त्याचं उत्तर देऊन झालंय: ‘पायथनमध्ये एक्सेल बनवतोय, एरर नाही, फाईल डाऊनलोड होते, पण रिकामी. का?’

मी आधी उलट विचारतो, रिकामी म्हणजे किती रिकामी? हे मी आमच्या खजिनदार काकांकडून शिकलो. कळव्यातल्या आमच्या सोसायटीसाठी मी जँगोमध्ये (पायथनचं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) थकबाकीच्या यादीचं छोटं ॲप केलं होतं. वार्षिक सभेच्या आदल्या रात्री काका लॅपटॉप घेऊन दारात. ‘अरे, यादी कोरी येतेय.’ तासभर मी डेटाबेसची क्वेरी उकरत बसलो. ती बरोबरच होती. शेवटी काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फाईलच्या नावासमोर बोट ठेवलं, ‘हे ० केबी काय असतं रे?’

कोरी एक्सेलसुद्धा ० केबी नसते. ती मुळात झिप असते, म्हणजे अनेक छोट्या फाईलींचं एक गाठोडं, आत एकही आकडा नसला तरी तिचा सांगाडा काही केबींचा भरतो. म्हणजे क्वेरीचा काही संबंधच नव्हता. बनलेली यादी पाठवताना सांडली होती.

ओपनपायएक्सएलने, म्हणजे एक्सेल लिहिणाऱ्या पायथनच्या लायब्ररीने, यादी बाइट्सआयओमध्ये, म्हणजे मेमरीतल्या फाईलमध्ये लिहिली. लिहून झाल्यावर पॉइंटर, म्हणजे फाईलमध्ये आपण कुठे आहोत त्याची खूण, शेवटी थांबला आणि पुढच्याच ओळीत मी ‘रीड’ म्हटलं. रीड पॉइंटर असेल तिथून पुढे वाचतं. मुनीमजींनी शेवटच्या नोंदीखाली पेन ठेवलं आणि मी पेनाखालचं वाचायला बसलो! पायथनच्या लेखी यात एरर काहीच नाही, शेवटी उभं राहून वाचलं तर शून्य बाइट हेच खरं उत्तर. ‘सीक’ला ० देऊन पॉइंटर सुरुवातीला आणला आणि यादी आली. (तिच्यात आमचाही फ्लॅट होता, दोन महिन्यांचा. काका काही बोलले नाहीत.) सीक नको असेल तर ‘गेटव्हॅल्यू’ घ्या, ते पॉइंटर कुठे आहे हे बघतच नाही.

मेमरीऐवजी डिस्कवर टेम्पररी फाईल लिहीत असाल तर आधी ‘क्लोज’ किंवा निदान ‘फ्लश’ केलंय का बघा. मजकूर थोडा असला की तो बफरमध्येच, म्हणजे डिस्कवर जायच्या आधीच्या मेमरीतल्या साठ्यात, पडून राहतो आणि डिस्कवरची फाईल शून्य बाइटचीच दिसते.

आणि सर्व्हरवर व्यवस्थित, फक्त लॅपटॉपवर रिकामी, असं असेल तर कोडमध्ये एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट हा रिस्पॉन्सचा हेडर शोधा. त्यात जँगो रिकामा रिस्पॉन्स आणि फाईलचा पत्ता तेवढा देतो, फाईल भरतो एनजिनएक्स, म्हणजे जँगोच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर. लॅपटॉपवर रनसर्व्हरच्या (जँगोचा चाचणीपुरता सर्व्हर) पुढे एनजिनएक्स नसतोच, भरणार कोण? तिथे सीक कितीही वेळा लिहा, फरक पडणार नाही.