आम्हाला किती?

कोल्हापूर, रविवार, रात्री साडेदहा

आज इन्स्टाग्रामवर रंकाळा तलावातल्या संध्यामठाच्या चित्राखाली मी पहिल्यांदाच किंमत लिहिली. २१ वर्षे जलरंगात काम करूनही चार आकडे लिहिताना बोट अडखळले, याचे माझे मलाच नवल वाटले. शाहू स्मारक भवनात प्रदर्शन लावले की चित्राखाली मी फक्त क्रमांक लावत असे आणि किमतींची यादी टेबलाच्या खणात ठेवत असे. कोणी विचारले, तर तो कोणत्या पेठेतला, कोणाच्या ओळखीने आला, हे पाहून आकडा तोंडातून निघे. मंगळवार पेठेतल्या माणसाला एक भाव आणि अंबाबाईच्या दर्शनाला येऊन वाट वाकडी करून आलेल्या पुणेकराला दुसरा, याला मी आजवर माणुसकीच समजत आलो.

"बाबा, किंमत दिसली नाही की लोक विचारत बसत नाहीत, पुढं सरकतात," असे लेक सहा महिने सांगत होती. मी मात्र इन्स्टाग्रामवर चित्र टाकून खाली 'किमतीसाठी संदेश करा' एवढेच लिहीत राहिलो. संदेश येत, मी आकडा कळवी आणि पलीकडे एकदम सामसूम होई. दालनातला माणूस नको असले तरी "बघून सांगतो" म्हणतो, निदान मान तरी हलवतो. इथे तेवढेही नाही, आणि सुरुवातीला ते मनाला फार लागे.

त्याहून मोठा धडा रंगाने दिला. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका बाईंनी रंकाळ्यावरच्या पावसाळी सकाळीचे चित्र घेतले. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून केलेले त्यातले करडे आभाळ, ओल्या कागदावर खाली ओघळताना जिथे थांबले, तिथेच मी थांबू दिले होते. फोटो मात्र मी रात्री ट्यूबलाइटखाली काढला आणि मोबाइलने आपल्या मनाने तो आणखी उजळला. बटर पेपर, दोन पुठ्ठे आणि पावसाच्या भीतीने प्लास्टिकचे दोन थर अशा बंदोबस्तात चित्र सुखरूप पोहोचले, ते उघडून बाईंनी अत्यंत सौजन्याने लिहिले, "चित्र सुंदर आहे, पण मी पाहिले होते ते निळे होते." मी पैसे परत केले. आता सकाळी व्हरांड्यात, थेट ऊन नसताना, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढतो, म्हणजे लेकीला त्या पांढऱ्यावरून रंग जुळवता येतात. मापाचा अंदाज यावा म्हणून कडेला ब्रशही ठेवतो, कारण ११ बाय १५ इंच हे लिहून कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही.

आम्हा कोल्हापूरकर चित्रकारांना व्यवहाराचा संकोच वाटला की आम्ही इथलेच जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्या निरिच्छ वृत्तीकडे बोट दाखवतो. याच गावातले बाबूराव पेंटर मात्र आपल्या चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवत, आणि लोकांनी थांबून पाहावे यासाठीच रंगवत, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. (निरिच्छ राहायलाही थोडी ऐपत लागते, असे माझे खासगी मत आहे.)

अनोळखी लोकांशी बोलणे अजून अंगवळणी पडलेले नाही. 'लई भारी' या अभिप्रायाला काय उत्तर द्यावे, यात माझी दहा मिनिटे जातात. मात्र रत्नागिरीच्या एका तरुण चित्रकाराने दमट हवेत रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत तुम्ही काय करता, असे विचारले, तेव्हा आमचे तासभर लिहिणे चालले. दुसऱ्या दिवशी त्याने आपला समुद्र पाठवला. खडकाच्या कडा त्याने घाईने गिरवल्या होत्या, तेही मी सांगितले. रविवारी पंचगंगेच्या घाटावर पॅड घेऊन बसणाऱ्या आम्हा चौघांत इतके स्पष्ट बोलणे बऱ्याच वर्षांत झालेले नाही.

तर आज संध्याकाळी मी ४,५०० लिहिले, खोडले, ५,००० लिहिले आणि फोन पालथा ठेवून जेवायला बसलो. हात धुऊन पाहतो, तो गल्लीतल्या जुन्या शेजाऱ्यांचा संदेश आला होता : "किंमत बघितली. ती जगासाठी झाली. आम्हाला किती?"

लेक हसत सुटली. मी अजून उत्तर दिलेले नाही.