बेताचा उजेड: सत्तरी ते उसगाळीमळ, तीन दिवस आणि मोजके फोटो

मेव्हण्याने काढलेला एक फोटो सध्या आमच्या नात्यागोत्यात फिरतोय. काळाभोर अंधार, त्यात ओल्या फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या छत्र्या, म्हणजे चमकणाऱ्या अळंब्या, आणि प्रत्येक छत्री आतून पेटल्यासारखी. बघणारा हमखास विचारतो, "हे एडिट केलंय ना?" नाही केलेलं. पण डोळ्यांना ते तसं दिसलंही नव्हतं. हा घोळ नीट सांगायचा तर पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. मेव्हणा कोल्हापूरचा, नवा कॅमेरा घेऊन आंबोलीमार्गे उतरला तो थेट "दाजी, दूधसागर!" म्हणतच. दूधसागर 310 मीटर उंच आहे आणि पावसाळ्यात तो खरोखर नावाला जागतो, सगळं कबूल. पण कुळेहून जाणाऱ्या जीप पावसात बंद असतात आणि रुळांवरून चालत जाणं हा गुन्हा आहे. 2023 च्या जुलैत तसं गेलेल्यांना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ त्यानेही पाहिला होता, त्यामुळे फार वाद झाला नाही. ज्यांना बघायचाच आहे त्यांनी कुळे ते कॅसलरॉक हा घाट रेल्वेने करावा. गाडी धबधब्यासमोरच्या पुलावरून जाते. शटर 1/500 सेकंदापेक्षा मंद ठेवू नका आणि दारात लोंबकळू नका. दूधसागर एवढाच.

पहिल्या दिवशी तांबडी सुर्ल. मोलेच्या अलीकडे आत वळलं की रस्ता हळूहळू झाडांच्या बोगद्यात शिरतो आणि संपतो तिथे कदंबकालीन महादेवाचं देऊळ. बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं. आपल्याकडे जिकडेतिकडे जांभा, त्यामुळे हा दगड घाटावरून आणला असावा असं मानतात. नंदीमंडपातल्या एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली घेणारा हत्ती कोरलाय. बहुतेक लोक शिखराचा फोटो काढून परत फिरतात, हा हत्ती बघतच नाहीत.

देऊळ पूर्वाभिमुख असल्याने मेव्हण्याच्या डोक्यात गाभाऱ्यात शिरणारी सोनेरी किरणं होती. आषाढात कसली किरणं! दोन तास पाऊस कोसळला. तो वैतागून छत्रीखाली बसला, आणि पाऊस जरा उघडला तेव्हा दगड असा काही झाला होता की काय सांगू. ओल्या बेसाल्टचा काळा, त्यावर शेवाळाचा पोपटी, आणि ढगांतून झिरपणारा मऊ उजेड. कडक उन्हात खांबावरचं कोरीवकाम अर्धं पांढरं, अर्धं काळं होऊन जातं. ढगाळ हवेत मात्र छिन्नीचा घाव न् घाव मोजता येतो. तेव्हा इथे ऊन नाही म्हणून हळहळू नका. त्रिपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आम्ही हातातच कॅमेरा धरला, खांबाला टेकलो नाही, कोपर स्वतःच्या पोटाला टेकवलं.

संध्याकाळी सत्तरी तालुक्यात. म्हादई अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि शिरायची गरजही नाही. जंगलाला लागून लोकांची कुळागरं आहेत. पोफळी, केळी, मिरवेल, मधून पाण्याचे पाट. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं असंच कुळागर आहे. तिथले आजोबा पंच्याहत्तरीचे, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कोंकणी. चमकणाऱ्या अळंब्या दिसतात का विचारल्यावर ते म्हणाले, "दिसतात तर. त्यात बघण्यासारखं काय?"

पहिल्या रात्री काहीच दिसलं नाही. दोष अळंब्यांचा नव्हता, आमचा होता. दर दोन मिनिटांनी कुणीतरी मोबाईल उघडून वेळ बघायचं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागचा फोटो तपासायचं. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एका झगझगीत पडद्याने ती सगळी कमाई जाते. आजोबा तासभर सहन करत होते. मग म्हणाले, "बॅटरी पालवा (विझवा) आधी. नाहीतर घरी जाऊन जेवा." आम्ही जाऊन जेवलो.

मात्र ती रात्र अगदी वाया गेली नाही. कुळागरातल्या टाकीवर एक फांदी झुकली होती आणि तिच्या पानांत साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा अडकला होता. मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. बेडकी अंडी घालताना मागच्या पायांनी स्राव घुसळून त्याचा फेस करते, अंडी त्यात ओलसर राहतात, पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात टपकतात. शेजारच्या पानावर बेडूक बसलेला, हिरवागार, बोटांमधले पडदे लालभडक. मेव्हण्याने फ्लॅश सरसावला. मी हात धरला. अंधाराला सरावलेल्या त्या डोळ्यांवर फ्लॅश मारून मिळणार काय, तर सपाट, मेणाच्या बाहुलीसारखा फोटो. छोटी बॅटरी पातळ पंचाच्या घडीआड धरली, बाजूने, आणि चार फोटो घेऊन निघालो. फेसाचा फोटो नीट येत नाही म्हणून फांदी वळवणारे लोक मी पाहिलेत. फांदी टाकीवरून सरकली की पिल्लं जमिनीवर पडतात, संपलं.

दुसरी रात्र अमावास्येची. दीप अमावास्या! गावात घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडलेले, कणकेचे दिवे उकडून ठेवलेले, आणि आम्ही दोघे अंधाराच्या शोधात. आजींनी पुजलेल्या समईकडे पाहून मेव्हणा पुटपुटला, "दाजी, आज दिव्यांचा सण हाय, आन् आपण दिवं मालवत फिरतोय." या वेळी मोबाईल घरातच ठेवले. आजोबा पुढे, आम्ही त्यांच्या पाठीला हात लावून. एका कुजलेल्या ओंडक्यापाशी ते थांबले आणि काही न बोलता उभे राहिले. दहा मिनिटं काळोखच. मग जमिनीलगत राखेसारखा, फिकट, जेमतेम उजेड जाणवायला लागला. रोखून पाहिलं की नाहीसा होतो, नजर जरा बाजूला वळवली की परत येतो. हिरवा तर मला अजिबात दिसला नाही. इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळतच नाहीत. तो हिरवा कॅमेऱ्याचा, कारण तो चार-चार मिनिटं उजेड साठवत बसतो.

या अळंब्या मायसेना कुळातल्या. सडक्या लाकडावर वाढतात. त्यांच्यातलं ल्युसिफेरिन हे द्रव्य विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने प्राणवायूशी संयोग पावतं आणि उष्णता जवळजवळ न देता हिरवट प्रकाश बाहेर पडतो. काजव्याचीही तऱ्हा साधारण हीच, रसायन मात्र वेगळं. लाकूड वाळलं की चमक गेली, म्हणून दोन-तीन दिवस सलग पाऊस पडून गेलेला हवा.

असा फोटो काढणाऱ्यांसाठी: बॅटरीच्या उजेडात हाताने फोकस लावा, रिंगवर चिकटपट्टी मारा, मग बॅटरी बंद. छिद्र (अ‍ॅपर्चर) 2.8, आयएसओ 3200, आणि तीस सेकंदांपासून चार मिनिटांपर्यंत करून बघा. बटण बोटाने दाबू नका, टायमर लावा. त्रिपॉडचे पाय चिखलात रुततात, खाली नारळाच्या करवंट्या द्या (आजोबांची युक्ती). डोक्याला लाल उजेडाची बॅटरी बांधा. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस धरा.

बाकी तयारी थोडक्यात. जळवांना तंबाखूचं पाणी लावलेले लांब मोजे पुरतात, पण सापांसाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेतच. मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळट अशा कुठल्याही रंगात फांदीवर मुटकुळं करून बसलेला असतो, आणि आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषप्रतिबंधक नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं असतं, चापड्यावरचं नव्हे. त्यामुळे न बघता कुठल्याही फांदीला हात टेकवू नका. चावलाच तर 108 ला फोन करून थेट रुग्णालय. मात्र कुळागरात फोनला रेंज नसते, तेव्हा ती कुठे येते हे दिवसाच बघून ठेवा. पेट्रोल आणि पोटपूजा वाळपईत उरकून घ्या. आणि एसी खोलीतून कॅमेरा तडक बाहेर काढू नका, काचेवर धुकं धरतं. अर्धा तास पिशवीतच राहू द्या.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला, सांगे तालुक्यात. रिवण ओलांडून नेत्रावळीच्या रस्त्याने गेलं की उसगाळीमळची पाटी लागते. कुशावती नदीच्या काठावर जांभ्याचा मोठा सपाट कातळ आणि त्यावर शंभराहून जास्त कोरीव चित्रं. बैल, हरणं, माणसं, आणि एकात एक वर्तुळांचं चक्रव्यूह. काही हजार वर्षांपूर्वीची. गावकऱ्यांना ती ठाऊक होती, पुरातत्त्व खात्यापर्यंत बातमी 1993 साली पोचली.

आम्ही दुपारी बारा वाजता पोचलो. "दाजी, दगड तर नुस्ता सपाट हाय की!" मेव्हणा म्हणाला, आणि म्हणताना तो एका बैलाच्या पाठीवर उभा होता. मी त्याला ओढून बाजूला घेतला. डोक्यावरून येणाऱ्या उजेडात रेघांना सावलीच नसते, त्यामुळे चित्रं कातळात मुरून जातात. डबे उघडले, खाल्लं, वाट पाहिली. चारच्या सुमारास एक सर आली आणि गेली. कोरलेल्या खाचांत पाणी साचलं, त्यात आभाळ चमकलं, आणि पायाखालचा अख्खा कातळ बोलू लागला. बैलाचं वशिंड, हरणाची शिंगं, चक्रव्यूहाची एकेक वळणं चांदीच्या तारेने काढल्यासारखी. वीस मिनिटांत पाणी मुरलं.

तेव्हा इथे सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर या. सर पडून गेली तर फारच उत्तम. नाहीतर संध्याकाळी बॅटरी जमिनीला टेकवून आडवा उजेड टाका. खडूने रेघा भरू नका, मग फोटो कितीही छान येवो. चपला काठावर काढा. नदी चढली असेल तर कातळावर उतरूच नका, कुशावती पावसात फार झपाट्याने वाढते.

मेव्हण्याने परवा अळंब्यांच्या फोटोची मोठी प्रत छापून पाठवली. मी ती आजोबांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली, मग आजींना हाक मारली, "अगे, हो बघ, आपला तो कुजका ओंडका. जाळूया म्हणत होतीस ना?"