आमच्याकडे आवाज किती डेसिबल आहे?

आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन मी नाशिकमध्ये फिरतो हे कळल्यापासून ओळखीची माणसे एकच प्रश्न विचारतात : "आमच्या कॉलनीत आवाज किती डेसिबल आहे, तेवढं सांगा." द्वारका चौकाजवळ राहणारे हे विचारतात आणि पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींत नुकतेच राहायला गेलेलेही विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण नुसता एक आकडा सांगितला तर ती तुमची दिशाभूल होईल.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ही मर्यादा एखाद्या क्षणाच्या आवाजाची नाही, ठरावीक कालावधीतल्या ध्वनिऊर्जेच्या सरासरीची आहे, आणि ती सरासरी आपल्या नेहमीच्या बेरीज-भागाकाराने निघत नाही. समजा, रात्रीच्या एका तासातली ५९ मिनिटे तुमच्या गल्लीत ४५ डेसिबल, म्हणजे अगदी नियमात बसणारी शांतता होती आणि उरलेले एक मिनिट सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकली ७५ डेसिबलने गेल्या. साध्या हिशेबाने सरासरी ४५.५ येईल, ऊर्जेच्या हिशेबाने ती साडेसत्तावन्न येते. त्या एका मिनिटाने दचकून उठलेल्या माणसाला "बाकी रात्रभर तर शांत होतं" असे सांगणे मला अन्यायाचे वाटते, आणि गणितही त्याच्याच बाजूने आहे.

तरीही वाढत्या शहराचा खरा आवाज मला हॉर्नमध्ये सापडत नाही. तो सापडतो हॉर्न थांबल्यावर. रात्री दोनच्या सुमारास गच्चीवर कठड्यापासून आणि भिंतींपासून दूर तिपाई उभी करावी, मायक्रोफोनवर वाऱ्यासाठी स्पंजचा गोळा चढवावा आणि गप्प बसून राहावे. कुत्री भुंकून थांबतात, शेवटची रिक्षा निघून जाते, पडद्यावरचा आकडा खाली खाली येतो आणि एका जागी अडतो. त्याच्याखाली तो जातच नाही. कान दिला की कळते : महामार्गावरच्या ट्रकांची अखंड घरघर, शेजारच्या टॉवरच्या तळघरातला पंप, कुणाच्या तरी एसीचे बाहेरचे युनिट. यातल्या एकाचीही तक्रार कुणी करत नाही, कारण एकटे कुणीच मोठे नाही. पण सारख्याच आवाजाचे दोन स्रोत एकत्र आले की तीन डेसिबल वाढतात, चार झाले की सहा. मोजणीत या तळाला एल-९० म्हणतात. नव्वद टक्के वेळ आवाज ज्याच्या वर राहतो, ती पातळी. द्राक्षबागा जाऊन सोसायट्या उभ्या राहिल्या त्या भागांत मी सगळ्यात आधी हाच आकडा पाहतो. मिरवणुकीचा आवाज दुसऱ्या दिवशी संपतो, हा तळ मात्र एकदा वर चढला की सहसा उतरत नाही.

मोबाइलवरच्या ॲपने मोजले तर चालेल का, हेही विचारतात. गोंगाट वाढला-घटला याचा अंदाज येण्यापुरते चालेल. पण फोनचा मायक्रोफोन बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो आणि फार मोठा आवाज त्याला झेपत नाही. यंत्राची गोष्ट वेगळी : दर वेळी मोजणीपूर्वी आणि नंतर त्याच्या मायक्रोफोनवर ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देणारी छोटी डबी बसवून मी ते तपासतो, आणि दोन्ही वेळा आकडा जुळला नाही तर रात्रभराची नोंद सरळ बाद करतो.

तेव्हा तुमच्या कॉलनीचे उत्तर हवे असेल तर मला एक मधला वार आणि एक रविवार, अशा दोन पूर्ण रात्री तुमची गच्ची द्या. वॉचमनला आधी सांगून ठेवा, आणि टाकी संध्याकाळीच भरून घ्या, म्हणजे सोसायटीची मोटर मध्येच सुरू होणार नाही.