रोमन स्पॅथाचे पीळदार पाते : गाभ्याची जोडणी पूर्ण

दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील रोमन स्पॅथाच्या, म्हणजे लांब, सरळ, दुधारी तलवारीच्या धर्तीवर घडवायला घेतलेल्या पात्याचा गाभा, म्हणजे दोन धारांमधला भाग, जोडून झाला आहे. डेन्मार्कमधील नायडाम आणि इलेरुप येथील दलदलीत अशी कितीतरी पाती सापडली असून त्यांतल्या अनेकांवर रोमन पद्धतीचे शिक्के आहेत. मी तीच समोर ठेवली आहेत.

मूळ कारागीर फॉस्फरसयुक्त आणि साधे लोखंड यांचे थर एकाआड एक जोडून त्यांची सळई करीत आणि ती तापवून पिळत. फॉस्फरसमुळे लोखंड उजळ दिसते, परंतु गार असताना ठिसूळही होते. म्हणूनच हा खटाटोप मुख्यतः सौंदर्यासाठी होता, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमधील साउथ शील्ड्स येथे मिळालेल्या पीळदार पात्यावर तर एका बाजूला मार्स या युद्धदेवतेची आणि दुसऱ्या बाजूला गरुड व ध्वजांची आकृतीही तांब्याच्या मिश्रधातूत जडवलेली आहे. आपल्याकडील मुशीतल्या पोलादावरची नक्षी एकाच गोळ्याच्या अंतर्रचनेतून उमटते, त्यामुळे या दोन परंपरांची गल्लत करू नये.

मी साधे लोखंड आणि निकेलयुक्त पोलाद वापरले. एका सळईला उजवा, दुसरीला डावा पीळ दिल्यामुळे शेजारी ठेवताच माशाच्या काट्यासारखी नक्षी जुळून येते. पिळल्यावर सळईच्या कडा मळसूत्रासारख्या वर येतात आणि त्यांच्या खाचांत भट्टीतली राख व लोहकीट दडून बसते. म्हणून सळई पुन्हा चौरस ठोकून, जोडाच्या बाजू कानशीने चकचकीत करून, टाकणखार टाकून मगच घणाखाली घेतली.

या टप्प्यातील सर्वांत मोलाची गोष्ट चाचणीच्या तुकड्याने दाखवली. वरचा थर थोडाच घासला, तर तिरप्या रेघा दिसतात; जसजसे सळईच्या मध्याकडे जावे, तसतशा त्या वाकून कमानी होतात आणि ऐन मध्यावर फुलासारखी वळणे उमटतात. पात्याच्या मधली खोबणी घासून काढली, तर नक्षी तेथेच बदलते. मला सलग तिरप्या रेघा हव्या आहेत, त्यामुळे खोबणी ठोकूनच पाडणार आहे आणि घासाई अगदी बेताची ठेवणार आहे.

आता टोकाचा काप घेऊन, तो फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात बुडवून जोड तपासेन. रेषा कोठेही उघडी दिसली नाही, तर दोन्ही बाजूंना धारेसाठी जास्त कार्बनच्या पोलादाच्या पट्ट्या चढवीन.